नवा पासपोर्ट हातात आला, पण बायकोचा व्हिसा जुन्यातच राहिला. आता काय?

जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच मुलींच्या पासपोर्टचं गणित साधारण असं असतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कुणीतरी सांगतं, पासपोर्ट काढून ठेव, नोकरीला लागतो. मग नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची एक वारी होते. घरी पोलीस येऊन चौकशी करून जातात आणि पासपोर्ट कपाटात जाऊन बसतो. पाच-सहा वर्षांनी लग्न ठरतं. मुलगा डॅलसला, लंडनला किंवा दुबईला. तेव्हा तो पासपोर्ट कपाटातून बाहेर निघतो, त्यावर जोडीदाराचा व्हिसा लागतो आणि मुलगी विमानात बसते.

भारतीय प्रौढ पासपोर्टची मुदत असते १० वर्षं. एकविसाव्या वर्षी काढलेला पासपोर्ट एकतिसाव्या वर्षी संपणार. म्हणजे लग्न होऊन परदेशात संसार मांडून दोन-चार वर्षं होतात, व्हिसा अजून चालू असतो आणि पासपोर्टची तारीख मात्र जवळ येते. बायकोच्या व्हिसावर गेलेल्या नवऱ्यांचंही गणित हेच.

मग घरच्या ग्रुपवर प्रश्न पडतो, "व्हिसा नव्या पासपोर्टवर ट्रान्सफर करावा लागतो का?" त्याखाली दहा जणांची दहा उत्तरं येतात. एक मामा म्हणतो काहीच करावं लागत नाही, दुसरा म्हणतो भारतात येऊन पुन्हा स्टॅम्पिंग करावं लागतं, तिसरा म्हणतो आमच्याकडे तर ऑनलाइन पाच मिनिटांत झालं. गंमत म्हणजे तिघंही आपापल्या देशापुरते बरोबर असू शकतात.

घोळ होतो तो "व्हिसा" या एका शब्दामुळे. आपण पासपोर्ट, व्हिसा आणि राहण्याची परवानगी या तीन गोष्टींना मिळून व्हिसा म्हणतो.

पासपोर्ट देतं भारत सरकार. तुम्ही कोण आणि कुठल्या देशाचे, एवढंच तो सांगतो. व्हिसा देतो समोरचा देश. त्याचा अर्थ ढोबळमानाने असा, की तुम्ही आमच्या दारापर्यंत येऊ शकता. आणि दारातून आत घेतल्यावर किती दिवस राहायचं, कुणाची बायको किंवा नवरा म्हणून राहायचं, ही तिसरी नोंद. काही देशांत व्हिसा आणि राहण्याची परवानगी एकच असते, काही देशांत ती पूर्ण वेगळी असते. आता भारतीय पासपोर्टचं पुस्तक बदललं की त्याचा क्रमांकही बदलतो. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो, की तुमची परवानगी नेमकी कुठे नोंदलेली आहे? जुन्या पुस्तकातल्या कागदावर, हातातल्या कार्डावर, की त्या देशाच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या पासपोर्ट क्रमांकासमोर?

यावरच पुढचं सगळं ठरतं.

आधी भारतीय बाजू बघू, कारण ती सगळीकडे सारखीच आहे. परदेशात राहून पासपोर्ट नवा करायचा असेल तर अर्ज जातो भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे. बऱ्याच देशांत कागद गोळा करायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं, पण निर्णय दूतावासाचाच. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून हा अर्ज करता येतो, आणि ज्यांच्या नावावर व्हिसा आहे त्यांनी ही सवलत वापरावीच. शेवटच्या महिन्यापर्यंत थांबण्यात काहीच फायदा नाही. भारतातला कायमचा पत्ता अमळनेरचा किंवा शिरपूरचा दिला असेल तर पडताळणी तिथल्या पोलिसांकडे जाऊ शकते. घराला कुलूप असेल, आईवडील पुण्याला मुलाकडे राहायला गेले असतील, तर तिथे वेळ जातो. म्हणून अर्ज केल्यावर गावाकडे एक फोन करून ठेवलेला बरा.

नवा पासपोर्ट मिळतो तेव्हा जुना रद्द होतो. त्यावर "कॅन्सल्ड" असा शिक्का बसतो, कोपरा कापला जातो आणि तो परत मिळतो. इथे पुष्कळ लोक घाबरतात, की पासपोर्ट रद्द झाला म्हणजे आतला व्हिसाही गेला. तसं नाही. पासपोर्ट भारताचा होता, तो भारताने रद्द केला. व्हिसा दुसऱ्या देशाचा आहे, तो रद्द करायचा अधिकार त्या देशाचा. मात्र व्हिसाचं पान शाबूत हवं. अर्ज देतानाच सांगायचं की आत चालू व्हिसा आहे, आणि पुस्तक परत आल्यावर ते पान फाटलेलं किंवा कापलेलं नाही ना, हे बघून घ्यायचं. आजवरच्या भारतीय पासपोर्टांत शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. दोन्ही पुस्तकं एकाच माणसाची आहेत, याचा तो पुरावा ठरतो. जुना पासपोर्ट रद्दीत टाकायची चूक मात्र करू नये.

आता अमेरिकेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला एच-४ व्हिसा मिळतो. हा व्हिसा म्हणजे पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला छापील कागद. अमेरिका तो नव्या पासपोर्टवर ट्रान्सफर करून देत नाही. तशी सोयच नाही आणि गरजही नाही. व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तो खराब झालेला नसेल आणि दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे, एकाच प्रकारचे असतील, तर जुना आणि नवा दोन्ही सोबत घेऊन प्रवास करता येतो. विमानतळावरचा अधिकारी जुन्यातला व्हिसा बघतो आणि नव्यावर शिक्का मारतो. त्या शिक्क्याशेजारी कधीकधी "व्हीआयओपीपी" अशी अक्षरं लिहिलेली दिसतात. त्याचा अर्थ, व्हिसा दुसऱ्या पासपोर्टमध्ये आहे. अमेरिकेत जाणाऱ्या कितीतरी आज्या अशा दोन-दोन पासपोर्टांना रबर बँड लावून वर्षानुवर्षं फिरतात. त्यांना कुणी अडवत नाही.

इथवर सगळं सोपं आहे. अडचण सुरू होते ती तिसऱ्या नोंदीपाशी, म्हणजे आय-९४ पाशी.

आय-९४ ही अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद. पूर्वी हा पांढरा कागद पासपोर्टला स्टेपल केलेला असायचा, त्यामुळे तो डोळ्यासमोर राहायचा. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी तो ऑनलाइन झाला आणि लोक तो बघायचंच विसरले. पण अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे व्हिसावरच्या तारखेने ठरत नाही, आय-९४ वरच्या तारखेने ठरतं. आणि प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर अधिकारी आय-९४ ची तारीख पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. मग नवऱ्याची मंजुरी कितीही लांबची असो.

एक उदाहरण घेऊ. समजा अमळनेरची एक मुलगी जानेवारी २०२६ मध्ये एच-४ वर अमेरिकेत उतरली. नवऱ्याची एच-१बी मंजुरी सप्टेंबर २०२८ पर्यंत आहे, तिच्या व्हिसावरही तीच तारीख आहे. पण तिचा पासपोर्ट संपतोय १० नोव्हेंबर २०२६ ला. अधिकाऱ्याने नवऱ्याला २०२८ ची तारीख दिली आणि तिला १० नोव्हेंबर २०२६ ची. दोघं एकाच खिडकीवर, एकाच वेळी उभे होते. ऑगस्टमध्ये तिने शहाण्यासारखा पासपोर्ट नवा करून घेतला, आता तो २०३६ पर्यंत चालेल. घरात सगळे निर्धास्त. व्हिसा चालू, पासपोर्ट नवा, नवऱ्याची नोकरी पक्की.

पण आय-९४ वर अजूनही १० नोव्हेंबर २०२६ च आहे. नवा पासपोर्ट आला म्हणून ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. ११ नोव्हेंबरपासून तिचा मुक्काम बेकायदा मोजला जाऊ लागतो आणि हे तिला कुणी कळवत नाही. पत्र येत नाही, मेसेज येत नाही. अशा मुक्कामाचे १८० दिवस उलटून गेल्यावर ती अमेरिकेबाहेर पडली, तर परत यायला तीन वर्षांची बंदी लागू शकते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षांची. आणि हे सगळं बहुतेक वेळा कळतं ते भाच्याच्या लग्नाला जळगावला जायची तिकिटं काढताना, किंवा पुढचा अर्ज नाकारला गेल्यावर.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही ती तारीख उलटायच्या आत करायचे. पहिला, अमेरिकेत राहूनच आय-५३९ नावाचा मुदतवाढीचा अर्ज भरायचा. दुसरा, देशाबाहेर जाऊन नवा पासपोर्ट आणि जुन्यातला चालू व्हिसा दाखवून पुन्हा आत यायचं, म्हणजे नवी आय-९४ नवऱ्याच्या मंजुरीप्रमाणे मिळू शकते. विमानतळाच्या कार्यालयात जाऊन तारीख दुरुस्त करून घेऊ, असं काही जण सुचवतात. पण तिथे चुका दुरुस्त होतात. पासपोर्ट संपतोय म्हणून दिलेली कमी तारीख ही चूक नाही, नियमानेच दिलेली असते, त्यामुळे तिथून बहुधा रिकाम्या हाताने परतावं लागतं.

लहान मुलांच्या बाबतीत हे जास्त वेळा होतं. भारतीय पासपोर्ट मुलांसाठी पाच वर्षांचाच असतो. आईवडिलांच्या तारखा जुळलेल्या आणि चार वर्षांच्या पोराची आय-९४ दीड वर्ष आधीच संपलेली, असं होऊ शकतं. प्रत्येक वेळी अमेरिकेत उतरल्यावर घरातल्या प्रत्येकाची आय-९४ सरकारी वेबसाइटवर वेगवेगळी उघडून बघणं, याला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

मग अमेरिकेत बसून नव्या पासपोर्टवर नवा व्हिसाच का घेऊ नये? एकेकाळी ती सोय होती. पासपोर्ट पोस्टाने पाठवला की एच प्रकारचा व्हिसा अमेरिकेतच नवा करून मिळायचा. जुलै २००४ मध्ये ती बंद झाली. २०२४ च्या जानेवारीत काही आठवड्यांसाठी प्रयोग म्हणून परत सुरू केली, २०,००० अर्जांपुरती. पण ती फक्त एच-१बी वाल्यांना होती. एच-४ वरच्या नवऱ्याबायकोंना त्यातून वगळलं होतं, त्यामुळे घरातल्या अर्ध्या माणसांचा प्रश्न तसाच राहिला. म्हणजे नवा शिक्का हवा तर दूतावासाची मुलाखत आली. खान्देशातल्या माणसासाठी ती म्हणजे बहुधा मुंबई. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या अनेकांच्या मुलाखतीच्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीला आलेली माणसं गावाकडे अडकून पडली. त्यामुळे जुन्या पासपोर्टमधला व्हिसा चालू असताना उगाच "नव्यावर छापून घेऊ" म्हणून रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

पण एका परिस्थितीत नवा व्हिसा घेण्याचा सल्ला अमेरिकेचं परराष्ट्र खातंच देतं. ती म्हणजे नाव बदललं तर. आणि इथे खान्देशची एक खास भानगड आहे.

पाटलांची मुलगी पाटलांच्याच घरी जाते, हे आपल्याकडे किती सर्रास आहे ते सांगायला नको. लेवा असोत की मराठा, आडनाव लग्नाआधीही पाटील आणि नंतरही पाटील. घरच्यांना वाटतं, नाव कुठे बदललं? पण मराठी नावात मधलं नाव असतं आणि लग्नानंतर तिथे वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाला वेगळा रकानाच नाही. आडनाव एका ओळीत आणि बाकी सगळं दुसऱ्या ओळीत. म्हणजे मुलीचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव मिळून ते एकच नाव बनतं. आता पासपोर्ट नवा करताना कुणी हौसेने वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव घातलं, की कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती वेगळी बाई झाली. व्हिसावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, विमानाच्या तिकिटावर तिसरंच. आडनाव तेच असल्यामुळे हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, थेट चेक-इनच्या काउंटरवर कळतो.

लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे, अशी सक्ती नाही. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनीही हे जाहीर भाषणात सांगितलं होतं. पासपोर्टच्या अर्जात जोडीदाराचं नाव भरायला वेगळी जागा असते. तिथे नवऱ्याचं नाव घालता येतं आणि स्वतःचं नाव होतं तसंच ठेवता येतं. परदेशी व्हिसा चालू असताना पासपोर्ट नवा करणाऱ्यांसाठी हाच बिनघोर मार्ग. सासरचं नाव लावायचंच असेल तर ते व्हिसा नवा करायच्या वेळी लावावं, म्हणजे दोन्ही कागद एकदमच बदलतील.

आणि नाव बदललंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला बरोबर लागतो. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, फोटोंचा अल्बम यांचा उपयोग नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिका-महापालिकेत विवाह नोंदवला जातो. दाखल्यावरची नावं पासपोर्टच्या स्पेलिंगशी जुळतात का, हे तो हातात पडतो त्याच दिवशी बघावं. चौधरीच्या शेवटी "आय" की "वाय", याच्यावरून लोकांचे महिने गेलेले आहेत. युएईत नेण्यासाठी हा दाखला आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी त्या देशाच्या दूतावासाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. युएई अपॉस्टिल करारात नसल्यामुळे ती शेवटची पायरी चुकत नाही. पण हा व्याप पहिल्यांदा बायकोला नेताना असतो. नुसता पासपोर्ट बदलला आणि नाव तेच राहिलं तर सहसा तो पुन्हा करावा लागत नाही.

आखातात मात्र "ट्रान्सफर" हा शब्द खरोखरच वापरतात. सौदी अरेबियात राहिलेल्या कुणालाही "नकल मालुमात" विचारा, लगेच कळेल. अरबीत त्याचा अर्थ माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं. नवा पासपोर्ट आला की त्याचा क्रमांक इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, फाइलला जोडायचा. बायको नवऱ्याच्या नावावर असेल तर हे काम नवऱ्याने "अबशर" या सरकारी पोर्टलवरून करायचं. बायको स्वतः करू शकत नाही, कारण फाइल नवऱ्याची. हे न करता कुणी थेट विमानतळावर गेलं, तर हातातला पासपोर्ट आणि सरकारी नोंद जुळत नाही आणि प्रवास अडकतो.

युएईमध्ये पूर्वी पासपोर्टच्या पानावर गुलाबी स्टिकर असायचा. पासपोर्ट बदलला की स्टिकरही नव्यावर घ्यायचा. एप्रिल २०२२ मध्ये स्टिकर बंद झाला आणि एमिरेट्स आयडी हेच राहण्याचं कार्ड झालं. म्हणून आता काही करायला नको, असा अनेकांचा समज झाला. पण कार्डामागच्या नोंदीत पासपोर्ट क्रमांक असतोच, तो बदलून घ्यावा लागतो. दुबईत त्यासाठी वेगळं खातं आहे, बाकीच्या अमिरातींत केंद्रीय प्राधिकरण. इथेही बायकोच्या नोंदीचा अर्ज बहुधा स्पॉन्सर नवऱ्याच्या खात्यातूनच जातो. नवऱ्याने स्वतःचा पासपोर्ट बदलला असेल तर आधी त्याची नोंद, मग बायकामुलांची, हा क्रम ठेवला की काम अडत नाही.

ब्रिटनने तर कार्डही काढून टाकलं. तिथली बीआरपी कार्डं २०२४ च्या अखेरीस संपली आणि आता ई-व्हिसा आहे, म्हणजे सगळं ऑनलाइन खात्यात. जोडीदार व्हिसावरच्या माणसाने नवा पासपोर्ट मिळाल्यावर त्या खात्यात लॉगिन करून नवा क्रमांक टाकायचा. फी नाही, पण प्रवासाच्या आधी काही दिवस तरी करायचं, कारण विमान कंपनी पासपोर्ट क्रमांक टाकूनच बघते की या माणसाला परवानगी आहे का. खूप वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी कुटुंबांत कायमच्या वास्तव्याचा शिक्का अजून एखाद्या जुन्या रद्द पासपोर्टवरच आहे, कुठल्याच खात्यात नाही. त्यांच्यासाठी "नो टाइम लिमिट" नावाचा वेगळा अर्ज आहे.

ऑस्ट्रेलिया या बाबतीत सगळ्यांच्या आधी शहाणा झाला. सप्टेंबर २०१५ पासून त्यांनी व्हिसाचं लेबल लावणंच बंद केलं. व्हिसा फक्त कॉम्प्युटरमध्ये, पासपोर्ट क्रमांकाला जोडलेला. इमी-अकाउंट नावाच्या खात्यातून नवा क्रमांक कळवायचा किंवा ९२९ क्रमांकाचा फॉर्म भरायचा. मग "व्हेवो" या सेवेत नव्या क्रमांकाने व्हिसा दिसतो का ते तपासायचं. दिसला की झालं.

कॅनडाचं वागणं अर्धं अमेरिकेसारखं. जुन्या पासपोर्टमधला चालू व्हिसा दोन्ही पुस्तकं दाखवून चालतो. पण जोडीदाराचा वर्क परमिट पासपोर्टच्या मुदतीपुढे दिला जात नाही. बायकोचा पासपोर्ट दीड वर्षात संपणार असेल तर तीन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच परमिट हातात पडतो आणि नवा पासपोर्ट आल्यावर उरलेल्या काळासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा फी. म्हणून कॅनडाला निघणाऱ्यांनी अर्ज करायच्या आधीच पासपोर्ट नवा करून घेतलेला परवडतो. जर्मनीत राहण्याचं कार्ड वेगळं असतं, पण पासपोर्ट बदलला की परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट घेऊन कार्डही नवं करून घ्यावं लागतं. मोठ्या शहरांत ती अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम आहे.

हे झालं जुना पासपोर्ट हातात असताना. तो हरवला तर गोष्ट वेगळी. व्हिसाचा कागद पुस्तकासोबतच गेला, त्यामुळे अमेरिकेसारख्या देशात दोन पासपोर्टचा मार्ग संपला. स्थानिक पोलिसांत तक्रार, दूतावासाला कळवणं, नवा पासपोर्ट आणि पुढच्या वेळी देशाबाहेर गेल्यावर नवा व्हिसा, हा क्रम. आधीच्या व्हिसाची आणि आय-९४ ची प्रत मोबाइलमध्ये आणि घरच्या मेलवर असेल तर बरंच सोपं जातं. घाईत काही जण दूतावासाकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट घेऊन भारतात येतात. ते फक्त भारतात यायचं एकेरी तिकीट आहे. त्यावर परत जाता येत नाही. कुणाचं आजारपण किंवा मयत असेल तर इलाज नसतो, पण परतीचा व्हिसा मुंबईहून घ्यावा लागेल याची तयारी ठेवूनच निघावं.

आता याच्या उलट बाजूनेही एक प्रश्न येतो. मुलाने परदेशात लग्न केलं आणि बायको तिथली नागरिक आहे, किंवा इथलीच मुलगी पुढे अमेरिकन नागरिक झाली. अशांना भारतात यायला ओसीआय कार्ड मिळतं. परदेशी वंशाच्या जोडीदाराला ते मिळण्यासाठी विवाह नोंदवलेला असावा लागतो आणि त्याला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात. एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारने ओसीआयचे नियम सोपे केले. पूर्वी ठराविक वयात दर नव्या पासपोर्टसोबत कार्डही नवं काढावं लागायचं, तो त्रास बराच कमी झाला. पण जोडीदार म्हणून ओसीआय मिळालेल्यांना एक अट राहिली. परदेशी पासपोर्ट जितक्या वेळा नवा होईल तितक्या वेळा त्याची प्रत, ताजा फोटो आणि लग्न अजून टिकून असल्याचं प्रतिज्ञापत्र ऑनलाइन अपलोड करायचं, नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत.

ज्यांच्याकडे ओसीआय नाही आणि नुसत्या व्हिसावर जळगावला किंवा धुळ्याला सासरी राहतात, त्या परदेशी सुनांनी पासपोर्ट बदलल्याची माहिती ई-एफआरआरओ पोर्टलवर द्यायची. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात असते, त्यामुळे चौकशी करायची झाली तर ती तिथे. सासरच्या माणसांना हे ठाऊक नसतं, कारण त्यांच्या डोक्यात व्हिसा ही आपल्या माणसांना तिकडे जायला लागणारी गोष्ट असते.